सॉफ्टवेअर कुठे टाकलं ते सांगायला काय जातं?

आज सकाळी एका दुकानात बिलिंगचं सॉफ्टवेअर टाकत होतो. उबुंटूचं म्हणजे लिनक्सचं मशीन, कंपनीने दिलेली डॉट रन फाईल (चालवली की सगळं स्वतःच टाकणारी), चालवली, टक्केवारी सरकत सरकत शंभरला गेली, खाली आलं 'इन्स्टॉलेशन कम्प्लीट' आणि संपलं. कमांड दिली तर 'कमांड नॉट फाउंड'. मेनूत आयकॉन नाही. शोधलं तर सगळा पसारा ऑप्ट नावाच्या सिस्टीमच्या फोल्डरात, तिथे कंपनीच्या नावाचा फोल्डर, त्यात प्रोग्रामचा बिन फोल्डर, आणि तो बिन पाथमध्ये, म्हणजे मशीन कमांड जिथे शोधतं त्या यादीत, टाकलेलाच नाही. मला सापडलं कारण माझं रोजचं काम हेच आहे. पण दुकानदाराने एकट्याने केलं असतं तर 'झालंच नाही' म्हणून परत परत टाकत बसला असता ना?

डोकं फिरलं कारण लगेच धरणगावकडची ती जिनिंग आठवली.

दिवाळीनंतरचा सीझन, गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची लाईन, आणि गाड्या तोलायच्या काट्यावरचा कॉम्प्युटर फार स्लो झालेला. तिथल्या पोराने लिनक्स नव्याने टाकायचं ठरवलं. शहाणं पोरगं आहे, होमचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा आपल्या फाईलींचा भाग, वेगळं होतं, ते तसंच ठेवलं आणि फक्त रूट, म्हणजे सिस्टीमचा भाग, फॉरमॅट केलं. सगळे हेच सांगतात, होम सांभाळा, बाकी परत टाकता येतं. पण काट्याच्या सॉफ्टवेअरने आपला डेटाबेस ठेवला होता ऑप्टमधल्या स्वतःच्या फोल्डरात, आणि ते ऑप्ट होतं रूटमध्ये. भरलं वजन, रिकामं वजन, गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, सगळं गेलं. काट्यावरच्या काकांचा मला फोन आला, "भाऊ, मन्हा समदा डेटा कोठे गया?" काय सांगणार त्यांना?

मान्य, ऑप्ट ही जागा चुकीची नाही. कुठली फाईल कुठे ठेवायची याचे नियम लिनक्सवाल्यांनी 1994 पासून लिहून ठेवलेत, एफएचएस म्हणतात त्याला, 2015 ला त्याचं 3.0 आलं, आणि बाहेरच्या पॅकेजसाठी ऑप्ट त्यातच दिलंय. पण त्याच नियमात हेही आहे की रोज बदलणारा डेटा 'वार' फोल्डरातल्या ऑप्टमध्ये जायला पाहिजे आणि सेटिंग 'ईटीसी' फोल्डरातल्या ऑप्टमध्ये. म्हणजे नियमातलं सोयीचं तेवढं घेतलं. बरं तेही सोडा, ठेवा हो कुठेही, पण सांगा तरी! ट्रान्सपोर्टवाला माल दुसऱ्या गोडाऊनला उतरवतो तर निदान फोन करतो.

कोणी म्हणेल डीपीकेजी हायफन कॅपिटल एल ही कमांड मारा, कुठली फाईल कुठे टाकली त्याची यादी येते. येते, उबुंटूच्या पद्धतीचं डेब पॅकेज असेल तर येते. डॉट रन फाईलची डीपीकेजीला खबरच नसते. आणि काट्यावरच्या माणसाने ही कमांड का पाठ करावी? त्याचं काम गाडी तोलायचं आहे.

ज्यांना सांगायचं असतं ते सांगतात. पायथन भाषेची पॅकेजं टाकणाऱ्या पिपने एखादी स्क्रिप्ट होममधल्या डॉट लोकल बिनमध्ये टाकली आणि तो पाथमध्ये नसला तर पिवळ्या अक्षरात वॉर्निंग येते, फोल्डरच्या पूर्ण नावासकट. रस्ट भाषेचं इन्स्टॉलर रस्टअप तर सुरू व्हायच्या आधीच सांगतं की मी होममधल्या डॉट कार्गो बिनमध्ये जाणार आहे, चालेल का. फुकट वाटलेली सॉफ्टवेअरं आहेत ही. आणि इथे जिनिंगवाल्याने रोख पैसे मोजलेत, दरवर्षी मेंटेनन्स भरतो, त्याला दोन ओळी मिळत नाहीत. राग येणार नाही तर काय?

त्या पोराचं मला जास्त वाईट वाटतं. तेव्हा सगळे त्यालाच बोलले. रात्री जिनिंगच्या ऑफिसात काटा पावत्यांची बुकं घेऊन तो आणि काका बसले होते, एक वाचतोय, एक टाईप करतोय. कार्बनखालची तिसरी प्रत इतकी फिकट की 3 आहे का 8 तेच कळेना, मग शेतकऱ्याला फोन लावायचा, दादा तुमच्याकडची पावती बघून सांगा. लोकांनी सांगितलं बिचाऱ्यांनी, झोपेतून उठून सांगितलं. पोरगं एक शब्द उलटून बोललं नाही. त्याची चूक काय होती सांगा ना मला? ज्या फोल्डरचं नाव त्याला कधी स्क्रीनवर दिसलंच नाही, तो त्याने कसा वाचवायचा?

बॅकअप पाहिजे होता, हो, पाहिजेच होता. पण बॅकअप घ्यायला डेटा कुठे आहे ते माहीत लागतं.

माझ्या लिस्टमध्ये जळगाव, धुळे, नाशिक, पुण्यात सॉफ्टवेअर बनवणारे बरेच जण आहेत, म्हणून हे लिहितोय. इन्स्टॉल संपलं की शेवटी एवढंच छापा: प्रोग्राम या फोल्डरात आहे, तुमचा डेटा या फोल्डरात आहे, चालवायची कमांड ही, फॉरमॅटच्या आधी हा फोल्डर कॉपी करा. जमलं तर मराठीत. स्क्रिप्टमध्ये चार एको, म्हणजे स्क्रीनवर ओळ छापायच्या कमांड, लागतात, पाच मिनिटांचं काम आहे. आजच्या बिलिंगवाल्या कंपनीला मी या ओळी तयार करून मेल केल्यात, आणि त्या दुकानदाराच्या काउंटरवर फोल्डरचं नाव मार्करने लिहून चिकटवून आलोय.