‘राज्य खालसा केलं’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला क्लबचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल क्षमस्व. तुम्ही लिहिलंय की आम्ही महिन्याची फी घेतो, लोकांना खेळात काल्पनिक राज्य उभं करायला लावतो आणि मग मर्जीतल्या प्लेयर्ससाठी तेच राज्य खालसा करतो. ठाण्यातल्या पाचपाखाडीतला हा रोलप्ले क्लब (पोस्ट लिहून आपापलं राज्य खेळायचं) आणि त्याचा डिस्कॉर्ड सर्व्हर, म्हणजे ऑनलाइन ग्रुप, यावर माझं घर चालतं. नवी मंडळी रिव्ह्यू वाचूनच येतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमचं राज्य आजही नकाशावर आहे. तुमचे कर, तुमची देवस्थानं, गादीचा वारस, कशालाही मॉडरेटरनी हात लावलेला नाही. रद्द झाली ती एकच पोस्ट. रात्री दोननंतर तुम्ही लिहिलंत की तुमच्या आरमाराने शेजारचं बंदर जाळलं, तिथली राणी शरण आली आणि खाडी कायमची आटली. राणी जिची आहे ती मुलगी तेव्हा झोपली होती, सकाळी तिचा पेपर होता. तिच्या कॅरेक्टरची शरणागती तुम्हीच लिहून टाकलीत! हे सरळ गॉडमोडिंग आहे, म्हणजे दुसऱ्याच्या कॅरेक्टरचं काय होतं ते स्वतःच ठरवून टाकणं, आणि नियमावलीत ते स्पष्ट मना केलंय. युद्ध जरूर पुकारा, पण समोरच्याला उत्तर द्यायला ४८ तास मिळायलाच हवेत. खाडी तर कुणा एकाची नाहीच, आजूबाजूच्या सगळ्या राज्यांचा व्यापार तिच्यावर चालतो.

सीमेच्या आत राजाचा शब्द अखेरचा. समुद्र, पंचांग, जादूचा उगम, होऊन गेलेली युद्धं मात्र सगळ्यांच्या एकाच बखरीत राहतात. नाहीतर एका राज्यात मेलेला सम्राट दुसऱ्या राज्यात मेजवानीला बसलेला दिसेल, आणि मग कुणाच्याच पराक्रमाला किंमत उरणार नाही. ही काही माझ्या मनची सक्ती नाही. २००३ पासून चालू असलेल्या ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन गेममध्ये खेळाडूंच्या आघाड्या नल-सेक या कायद्याबाहेरच्या भागातल्या सूर्यमाला जिंकून तिथे स्वतःची सत्ता चालवतात, पण हाय-सेक या सुरक्षित भागातला, गेममधल्याच साम्राज्यांचा प्रदेश कुणालाच आपल्या नावावर करता येत नाही. लिव्हिंग ग्रेहॉक या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या सामायिक खेळात २००० ते २००८ या काळात खऱ्या जगातल्या देशांना आणि राज्यांना खेळातला एकेक प्रदेश वाटून दिलेला होता. तिथल्या साहसकथा स्थानिक मंडळी लिहीत, तरी जग सगळ्यांचं एकच होतं.

राहिला मर्जीचा प्रश्न. माझ्या सख्ख्या भाच्याने परस्पर जाहीर केलेला दुष्काळ याच नियमाने रद्द झाला होता. आमचे मॉडरेटर पगारी नाहीत, कॉलेजची मुलं आहेत ती. तुम्ही त्यांना ग्रुपवर जे बोललात ते मी इथे लिहीत नाही, पण मला ते फार लागलं.

मोठ्या घडामोडींवर निर्णय लवकर मिळावा म्हणून आम्ही काहीतरी सोय करतोय, नियमावलीही सोपी करू. तुमची पोस्ट पुसलेली नाही, वेगळ्या चॅनेलवर ठेवली आहे. हल्ला तिथून पुढे रीतसर खेळायची राणीच्या प्लेयरची तयारी आहे. शनिवारी संध्याकाळी या. तरीही यायचं नसेल, तर चालू महिन्याची फी काउंटरवरून परत घेऊन जा.