आधी तुरुंग, मग दीपगृह

आज डोकं तापलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. कंटाळा आला तर खुशाल पुढे जा.

पुण्याहून आत्या आलीय. पंचाहत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, पण गोव्यातला आग्वादचा किल्ला बघायचाच म्हणून हटून बसली. काठी टेकत, थांबत थांबत कशीबशी किल्ल्यात पोचली. जुन्या दीपगृहासमोर जरा श्वास घेत उभी राहते तोच मागून आवाज, "आंटी, थोडा साइड में, फ्रेम में आ रहे हो." प्री-वेडिंग शूट! मुलीचा लांबलचक लाल गाऊन, तो वाऱ्यावर उडवायला दोन पोरं, वर ड्रोनची घरघर. आत्या निमूट बाजूला झाली. माझ्या मात्र तोंडावर आलेलं कसंबसं गिळलं.

आत्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, १९५५ च्या गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात पकडले गेले आणि याच टेकडीच्या पायथ्याशी आग्वादच्या तुरुंगात होते. त्या दिवसांबद्दल ते फार बोलत नसत. मारहाणीचा विषय निघाला की उठून अंगणात जात. एवढंच सांगायचे, तेही हसत : "डोक्यावर दिवा होता रे, पण तो जहाजांसाठी. आम्हाला त्याचा उजेड कधी दिसला नाही."

आत्याला तो दिवा बघायचा होता. बस, एवढंच.

आणि तिथे काय ऐकायला मिळतं? अमुक सिनेमातला सीन इथे झाला, तमुक हिरो या कठड्यावर बसला होता. शेजारचा एक गाइड तर ठणकावून सांगत होता, हे आशियातलं सगळ्यात जुनं दीपगृह. अरे बाबा, हे १८६४ चं. ओडिशातलं फॉल्स पॉइंटचं १८३८ चं आहे. खोटे मोठेपण कशाला लावता, खरं काय कमी आहे? किल्ला १६१२ चा. आवारातली पाण्याची टाकी २३ लाख ७६ हजार गॅलनची, लांबच्या प्रवासाची जहाजं इथे गोडं पाणी भरून घ्यायची. पणजीच्या चर्चवरची ती मोठी घंटा आपण येता-जाता ऐकतो ना? मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टीनियन मठाची, मधली काही वर्षं आग्वादच्या दीपगृहात, आणि १८७१ मध्ये पणजीला. हे सांगायला किती वेळ लागतो?

हो, मान्य, पर्यटकांवरच निम्म्या कांदोळीची चूल पेटते. आमच्या घरातलेही दोघे हॉटेलात आहेत. फोटो काढू नका असं कोण म्हणतंय!

माझा राग वेगळा आहे. जुना दिवा १९७६ मध्ये विझला, शेजारी नवं दीपगृह आलं, ठीक. २०१५ मध्ये कैदी कोलवाळच्या तुरुंगात गेले आणि २०२१ मध्ये तुरुंगाचं संग्रहालय झालं, उत्तम झालं. पण वर गर्दी मावत नाही आणि खाली किती जण उतरतात? डॉ. लोहियांना १९४६ मध्ये याच आग्वादमध्ये डांबलं होतं. मराठी शिकवायला गोव्यात आलेल्या आणि मुक्तिलढ्यात उतरलेल्या मोहन रानड्यांना पोर्तुगीजांनी थेट पोर्तुगालच्या तुरुंगात नेलं. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, ते सुटले १९६९ मध्ये. हे आपल्या शाळेतल्या पोरांना विचारून बघा. सहल येते, वर ग्रुप फोटो होतो, बस सिकेरीच्या किनाऱ्यावर. पर्यटकांना तरी कुठल्या तोंडाने बोलायचं?

लिहिता लिहिता थोडा शांत झालोय, म्हणून हेही सांगतो. नंतर ती गाऊनवाली मुलगीच आत्याजवळ आली. "आंटी, आप यहीं की हो?" आत्याने तिला आपल्या मोडक्या हिंदीत आजोबांची सगळी कहाणी ऐकवली, तो दिवा, तो अंधार. फोटोग्राफर उन्हं गेली म्हणून ओरडतोय, नवरदेव घड्याळ बघतोय, आणि ही ढिम्म उभी. शेवटी विचारते, "वो जेल किधर से जाते हैं?" आत्याने काठीनेच खालचा रस्ता दाखवला. गेली की नाही, माहीत नाही. पण विचारलं तरी.

त्या फोटोग्राफरवरचा राग मात्र अजून आहे.

आत्याचे गुडघे आज खाली उतरायला तयार नव्हते, म्हणून तुरुंग राहिला. रविवारी परत जाणार आहोत. म्हापशाहून निघू, गाडीत दोन जागा आहेत. पाहुणे असतील तर त्यांनाही आणा, फक्त अट एकच, आधी तुरुंग, मग वर. आणि पाण्याच्या बाटल्या घरून, परत नेण्यासकट.