आपत्तीनं सकाळी अकरालाच यावं

हॉस्पिटलच्या स्टाफला आपत्तीचं ट्रेनिंग द्यायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय ना? मग आधी तारीख ठरवा आणि ग्रुपवर टाका: 'उद्या सकाळी ११ वाजता दुसऱ्या मजल्यावर अचानक आग लागेल. सर्वांनी स्वच्छ युनिफॉर्ममध्ये हजर राहावे.' अकराची वेळ उत्तम. राउंड उरकलेला असतो आणि फोटोला उजेड चांगला मिळतो. रात्री तीनला ड्रिल घ्यायचं मनातही आणू नका. तेव्हा वॉर्डात एक सिस्टर आणि एक मावशी, एवढ्यात ग्रुप फोटो भरणार कसा? भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला नवजात बाळांच्या कक्षात आग लागली ती मध्यरात्र उलटल्यावर, दहा बाळं गेली, हे खरं. पण ते भंडारा. आपल्याकडं कोल्हापुरात अंबाबाई आहे.

बोलवायचं कुणाला? बिलिंगवाले, अकाउंटवाले, एचआरच्या मॅडम. वॉर्डबॉय, मावश्या, वॉचमन नकोत. ते कंत्राटावरचे, आज आहेत उद्या नाहीत. स्ट्रेचर ओढायचं, सिलिंडर बदलायचा, जिन्यावरून पेशंट उचलून आणायचा तो त्यांनीच. त्यात शिकायचं काय, म्हणा.

आग विझवायचं नळकांडं दाखवायला हरकत नाही. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावी-उजवीकडं फिरवा. पण हे ट्रेनरनंच करावं, बाकीच्यांनी शूटिंग करावं. प्रत्येकाच्या हातात दिलं तर रिफिलचं बिल कोण भरणार? वॉर्डाचा ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठं आहे आणि तो कुणाच्या सांगण्यावरून बंद करायचा, हे कुणी विचारलंच तर 'मेंटेनन्सला माहिती आहे' म्हणा. मेंटेनन्सवाला पाचला घरी जातो, हे सांगायची गरज नाही. आपत्कालीन दरवाजाकडंही कुणाला नेऊ नका. तिथं मोडक्या कॉट आणि सलाईनचे स्टँड रचलेत, कुलपाची किल्ली कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे यावर दोन मतं आहेत.

मग कुठल्या जखमीला आधी बघायचं हे ठरवणाऱ्या रंगीत फितींचा कार्यक्रम. लाल म्हणजे लगेच हात लावला तर वाचेल असा, पिवळा जरा थांबू शकेल असा, हिरवा चालता-बोलता, काळा हाताबाहेर गेलेला. नर्सिंगच्या पोरींना लाल शाई लावून निजवायचं. 'ज्यांना चालता येतंय त्यांनी पलीकडं जा' म्हटल्यावर लाल फीतवालीच सगळ्यांच्या आधी उठून गेली तरी टाळ्या वाजवा. एखादी आगाऊ सिस्टर विचारेल, सर, नुसतं खरचटलंय पण सोबत दहा बुलेट गाड्या आणि भाऊंचा फोन घेऊन आलाय, तो कुठल्या रंगात? तिला चहा द्या. खरं तर ट्रेनिंग याच प्रश्नाचं हवं: कॅज्युअल्टीच्या दारात पन्नास जण घुसल्यावर त्यांना बाहेर कोण काढणार, शब्द कुणाचा चालणार. पण तो विषय लई हार्ड आहे, राहू दे.

पुराचं काय, म्हणता? पूर आपल्याला नवा नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे रिक्षावालाही सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, उपसा केंद्रं बुडाली, नदीला महापूर आणि नळाला थेंब नाही. म्हणजे डायलिसिसला पाणी कुठनं आणायचं, ऑक्सिजनची गाडी कुठल्या रस्त्यानं येणार, नाइटची सिस्टर पलीकडं अडकली तर ड्युटी कोण करणार, असले प्रश्न निघतात. स्लाइडवर 'पूर व्यवस्थापन' लिहा, खाली होडीचा फोटो टाका आणि पुढं सरका. जनरेटर तळघरात आहे ही गोष्ट त्या स्लाइडवर घेऊ नका.

शेवटी रजिस्टर. तिन्ही शिफ्टच्या सह्या एकाच पेनानं, एकाच बैठकीत उरकून घ्या, रजेवर असलेल्यांच्याही. तपासणीवाले सह्या मोजतात, माणसं नाहीत. आणि सर्टिफिकेटं तेवढी लॅमिनेट करून वरच्या मजल्यावर लावा. खाली लावली तर पुढच्या पावसाळ्यात परत छापावी लागतील.