रंधा कोणी धरला आणि कोणी नाही

परवाच्या लाकडी डेकच्या (घराबाहेरच्या फळ्यांच्या ओट्याच्या) डागडुजीवरच्या लेखावर एका अनामिक वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात ती अशी : लाकूड घासताना ८० नंबरच्या सँडपेपरवर थांबणं चूक, निदान १८०पर्यंत जायला हवं (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), कुठलं जवसाचं तेल ते नीट सांगितलेलं नाही, जादा तेल पुसून न घेतल्यामुळे लेखकाच्या तीन फळ्या चिकट राहिल्या, तेलाच्या चिंध्यांबद्दल अवाक्षर नाही. आणि शेवटी, 'आयुष्यात रंधा हातात धरला नसेल तर अशा विषयांवर लिहू नये.'

महाशय, चूक दाखवायला माझी ना नाही. पण हे शेवटचं वाक्य लिहून तुम्हाला काय मिळालं? स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याच्या अंगणात यायचं आणि त्याची अक्कल काढायची, ही कुठली रीत?

रंध्याचं म्हणाल तर ऐका. माझे वडील मेस्त, म्हणजे सुतार. गोव्यात म्हापशाला भाड्याच्या शेडमध्ये दारं-खिडक्या करायचे. सातवीपासून माझी मेची सुट्टी तिथेच जायची, भुसा गोळा करण्यात आणि वाकडे खिळे ठोकून सरळ करण्यात. रंधा मिळाला तो नववीत. पहिल्याच दिवशी मी तो लाकडाच्या रेषांच्या उलट घातला आणि फणसाच्या फळीचा बोटभर ढलपा उडवला. बाबा एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी फळी फिरवून ठेवली आणि निघून गेले. पटाशी लागल्याची खूण डाव्या अंगठ्यावर अजून आहे. फोटो टाकू?

आता ८०. डेक म्हणजे जेवणाचं टेबल नव्हे हो! पेपर जितका बारीक तितकं लाकूड गुळगुळीत होतं आणि तेल आत मुरायच्या ऐवजी वर बसतं. आमचा डेक जुन्या घराच्या सागवानी तुळया चिरून केलेला, हळदोण्याला, उघड्यावर. जूनपासून चार महिने पाणी खातो, मग ऑक्टोबरचं ऊन. ६०ने उन्हापावसाचा करडा थर निघाला, ८०ने ६०चे ओरखडे गेले, खाली मधासारखा रंग दिसला. बस. नाक शिंकरलं की रुमाल पिवळा, असे दोन दिवस काढलेत मी. आणि एखादा खिळा नखभर वर राहिला की सँडरचा, म्हणजे घासायच्या मशीनचा, पेपर टर्रकन फाटतो. चार पेपर असे गेल्यावर मी पंच आणि हातोडी घेऊन बसलो, फळीफळीवरून तळहात फिरवत प्रत्येक डोकं आत ठोकलं. हे पुस्तक वाचून कळत नाही. १८० तुम्ही तुमच्या कपाटाला वापरा, खुशाल.

तेलाचं तुमचं म्हणणं मान्य. नुसतं 'जवसाचं तेल' लिहिलं, तिथे 'डबल बॉइल्ड', म्हणजे प्रक्रिया केलेलं, लवकर वाळणारं, हवं होतं. कच्चं तेल आपल्या दमट हवेत लवकर वाळत नाही आणि त्यावर बुरशी धरते. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही, काहींना वाटतो.

चिंध्यांचं म्हणाल, तर गोळा करून ठेवल्या की वाळता वाळता तापतात आणि आपोआप पेट घेतात, हे मला ठाऊक आहे. मी त्या कुंपणावर एकेक पसरून टाकतो. पण लेख डेकवर होता, चिंध्यांवर नव्हता.

राहिल्या त्या तीन फळ्या. त्या विहिरीच्या बाजूच्या आहेत, तिथे ओल असते, एवढंच. गेल्या आठवड्यात टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून घेतल्यावर दोन वाळल्या. तिसरीवर मांजराच्या पावलांचे ठसे उठलेत, ते राहू दिलेत.