ग्रामसभेत आपली पोरं का नसतात?

सगळ्यांना सलाम. हे मुख्यतः आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या तरुणांसाठी लिहितेय, पण त्यांच्या आईवडिलांनीही वाचावं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात इथं मिरजेत आमच्या तरुण संघाची पोरं घरी फक्त कपडे बदलायला जायची. चर्चच्या हॉलमध्ये भाकरीच्या चवडी लागलेल्या, एका कोपऱ्यात औषधं, एका कोपऱ्यात पूरग्रस्तांची लहान मुलं झोपलेली. पाळकसाहेबांनी कुणाला नावं घेऊन कामं वाटली नव्हती. २०२१ ला परत पाणी आलं, परत तीच पोरं उभी राहिली.

मग पाणी ओसरलं. पंचनाम्यातून कुणाची घरं सुटली, नाले कुणी बुजवले, पूरपट्ट्यात बांधकामं कशी होतात, यावर शहरात बैठका झाल्या. त्यातल्या एकाही बैठकीला आमच्यापैकी कुणी नव्हतं. मीही नव्हते. भाकरी द्यायला आम्ही पुढे होतो आणि पुढच्या पुरात भाकरी वाटायची वेळच येऊ नये, हे बोलायच्या वेळी घरी बसलो. याची बोच मला आजही आहे.

घरी का बसलो, तेही सांगते. लहानपणापासून कानावर एकच पडलंय, "आपली चार घरं, कशाला मधी बोलायचं?" आमचे आप्पा अजून हेच म्हणतात. त्यांना मी भित्रे म्हणणार नाही, त्यांनी जे सोसलंय ते मी सोसलेलं नाही. पण आप्पांना एकदा नम्रपणे विचारलं की आपण बोललो नाही म्हणून आपल्या गल्लीतलं गटार कुणी आपणहून बांधून दिलं का? ते गप्प राहिले.

आता मागच्या वर्षीची गोष्ट. मिरज तालुक्यातलं माझं आजोळ, गाव लहान आहे. पावसाळ्यात तिथल्या दफनभूमीकडं जायला वाट राहत नाही. आमच्या नात्यातल्या एका आजींना नेताना पेटी खांद्यावर असलेल्या चौघांचे पाय नडगीपर्यंत रुतले होते. एकाची चप्पल चिखलातच राहिली आणि तो तसाच अनवाणी पुढं गेला. ते बघून बी.कॉम.ला असलेल्या आमच्या एका पोरीनं ग्रामपंचायतीत अर्ज दिला, पोच घेतली आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला पाच-सहा जणांना घेऊन गेली. मीही मागं बसले होते.

विषय आला, ती उभी राहिली. आवाज कापत होता, पण बोलली. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी लिहून घेतलं. काम झालं म्हणून आमची पोरं उठायला लागली, तर पलीकडच्या आळीतल्या एक मावशी म्हणाल्या, "तुमचं झालं की निघाला व्हय? अंगणवाडीच्या पाण्याचं कोण बोलणार मग?"

पोरं खाली बसली. अंगणवाडीच्या टाकीचा ठराव आला तेव्हा सूचक त्या मावशी होत्या आणि अनुमोदक आमची पोरगी. वाटेवर आता निम्म्यापर्यंत मुरूम पडलाय, निम्मी बाकी आहे. टाकी मात्र बसली.

मला त्या मावशींचे आभार मानायचे आहेत. आम्ही फक्त दफनभूमी आणि नाताळच्या परवानगीपुरते दारात येणार असू, तर गावानं आम्हाला आपलं का म्हणावं? आमच्या नळाला येतं तेच पाणी त्यांच्याही नळाला येतं. बंदिवासात गेलेल्या लोकांनाही बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्यानं सांगितलं होतं की ज्या नगरात राहता त्याचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा. आपण तर बंदिवासातही नाही, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच आहोत.

आणि हे आपल्याकडं नवं नाही. मिशनरी डॉ. वानलेस यांचा दवाखाना १८९४ साली मिरजेत सुरू झाला, तो येणाऱ्या प्रत्येक रोग्यासाठी. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. त्यांची भजनं आपण दर रविवारी म्हणतो. ती म्हणून झाल्यावर आपण थेट घरी जातो, इतकंच माझं दुखणं आहे.

काही जण म्हणतात, आम्हाला सभेतलं काय कळतं? अरे, मंडळीच्या वार्षिक सभेत इतिवृत्त कोण वाचतं? जमाखर्च कोण मांडतं? सूचक, अनुमोदक, हात वर करून मतदान, हे सगळं तुम्ही पंधराव्या वर्षापासून करताय. ग्रामसभेत याहून वेगळं काही नसतं. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण लागतात, यातला जो आकडा कमी असेल तो. कितीतरी सभा याच कारणानं तहकूब होतात. तिथं दहा तरुण वेळेवर येऊन बसले तर किती फरक पडेल, विचार करा. तुम्ही शहरात राहत असाल तर वॉर्डातल्या कचऱ्यापासून सुरुवात करा, माहिती अधिकाराचा अर्ज करायला शिका.

एका गोष्टीवर मी ठाम आहे. कुठल्याही पक्षाचा प्रचार वेदीवरून होऊ नये. मत कुणाला द्यायचं हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण मतदारयादीत नाव असणं ही मंडळीनं आग्रहानं पाहायची गोष्ट आहे. आमच्या तरुण संघात मी विचारलं तेव्हा अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांपैकी निम्म्यांचीच नावं यादीत निघाली. अठरा पूर्ण झाली का हे पाहायला आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांनाही आधीच अर्ज करता येतो.

येत्या रविवारी उपासनेनंतर हॉलमध्ये मतदार नोंदणीचा नमुना ६ भरायला बसणार आहोत. आधार कार्ड, जन्मतारखेचा दाखला आणि फोटो घेऊन या. शेजारच्या गल्लीतल्या मित्रमैत्रिणींनाही आणा, ते कुठल्याही धर्माचे असोत. लॅपटॉप दोनच आहेत, कुणाकडं जास्तीचा असेल तर सांगा.