चार बेस, चार टॉप आणि खरं संगीत

'आज संगीत आहे' असं म्हटलं की पूर्वी पुणेकर विचारायचा, 'कोण गातंय?' आता विचारतो, 'कोणाचं लग्न?'

म्हात्रे पूल ते राजाराम पूल हा डीपी रस्ता म्हणजे पुण्यातल्या लग्नांचं कोठार. ओळीने लॉन्स, कार्यालयं, खाली मुठेचं पात्र, आणि पलीकडच्या तीरावर आम्ही, म्हणजे नदीकडची बाल्कनी बघून घराला जास्तीचे पैसे मोजलेले लोक. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात, आणि संध्याकाळी सातच्या ठोक्याला पाण्यावरून 'संगीत' येऊ लागतं. मेंदी, हळद आणि संगीत: गायन-वादन-नृत्यांचा तो शास्त्रोक्त त्रिवेणी संगम आता विधींच्या यादीत हळदीच्या मागे-पुढे बसवला आहे.

मला ते संगीत आवडत नाही. हे इथेच संपलं असतं. पण पुण्यात नुसतं 'आवडत नाही' पुरत नाही, 'ते संगीतच नव्हे' हे सिद्ध करावं लागतं. तिथे पंचाईत होते. पण आधी खिडकीचं बोलू, कारण पहिली चूक सगळे तिथेच करतात.

वरातीला किंवा लॉनवर साधारणपणे 'चार बेस, चार टॉप' असा सेट येतो. बेस म्हणजे अठरा इंची स्पीकर बसवलेली कपाटं, टॉप म्हणजे गळा, टाळ्या, छमछम फेकणारे डबे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे दहा मीटरवर १०० असेल, तर वीसवर ९४, चाळीसवर ८८, आणि पाच वेळा दुप्पट करत नदी ओलांडून ३२० मीटरवर आलात की ७०. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५. सत्तर आणि पंचावन्न यांत पंधराचाच तर फरक, असं यजमानांना वाटतं. पण डेसिबल हे सावकारी व्याज आहे. दहाने वाढला की ऊर्जा दसपट, पंधराने वाढला की तीसपटीच्याही वर.

मग माणूस खिडकी लावतो. पन्नास हर्ट्झच्या बेसची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. आपल्या सरकत्या खिडकीची पाच मिलिमीटरची काच तिच्या खिजगणतीतही नसते. गायिकेचे चढे सूर, शब्दांतले स, श, च मात्र काच इमानदारीने अडवते. परिणाम असा की खिडकी लावली की गायिका बाहेर राहते आणि बेस घरात येतो. वर सैल तावदानं थरथरून आपली साथ देतात ती वेगळीच. आणि आपण आत बसून म्हणतो, 'हल्लीच्या गाण्यांना चालच नसते.' चाल असते हो. ती बाहेर उभी असते. कापसाच्या बोळ्यांचंही तेच. तेव्हा खिडकी सताड उघडी ठेवावी. गाणं वाईटच आहे, पण निदान सबंध वाईट ऐकू येतं.

दुसरी चूक प्रतिहल्ल्याची. तिकडे त्यांचं चालू, तर इकडे आपला भीमपलास मोठ्याने लावायचा. जमत नाही. कानाची घडणच अशी की खालचे स्वर वरच्या स्वरांना झाकून टाकतात. वरच्यांनी खालच्यांना झाकणं फारसं होत नाही. म्हणजे त्यांचा बेस आपला तंबोरा गिळतो, आपला तंबोरा त्यांच्या बेसला ओरखडाही काढत नाही. बेसवर उतारा घरघरीचाच: जुना कूलर, किंवा सोसायटीचा पाण्याचा पंप. भीमपलासाला न झालेलं काम एका अश्वशक्तीची मोटार करते. त्यामुळे टाकी भरण्याची वेळ संध्याकाळची ठेवावी, असा ठराव सोसायटीच्या सभेत मांडून बघायला हरकत नाही.

आता खऱ्या संगीताकडे.

आमचा पहिला आणि आवडता आक्षेप सुराचा. 'गळाच नाही, सगळं ऑटोट्यून!' हे खरंच आहे. ऑटोट्यून १९९७मध्ये बाजारात आलं. ते लिहिणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी जमिनीत धक्के देऊन, परत येणाऱ्या लहरींवरून खाली तेल कुठे आहे याचं गणित करत असत. तेच डोकं पुढे गळ्यात सूर कुठे आहे ते शोधायला लागलं. गायक सूर लावतो, यंत्र बघतं की सप्तकातल्या बारांपैकी जवळचा कोणता, आणि त्याला तिकडे ओढतं. किती लवकर ओढायचं, याची एक खुंटी असते. ती सावकाश ठेवली तर ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. शून्यावर आणली की मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मोडून तिच्या पायऱ्या होतात. दरबारीचा कोमल गंधार त्या यंत्रात घालून बघा. तो मुळात पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, पट्टीपेक्षा उतरलेला, शिवाय संथ डोलणारा. यंत्र एक तर त्याला ताठ उभा करेल, नाहीतर लिफ्टसारखा खटकन रिषभावर उतरवेल.

इथपर्यंत टाळ्या पडतात. मग कोणीतरी हळूच विचारतं, 'आणि पेटी?'

हा प्रश्न विचारणाऱ्याला चहा देऊ नये. कारण पेटी तेच करते. बारा पट्ट्या, समान अंतरं, मधलं काही नाही. षड्ज २४० हर्ट्झचा धरा. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून, जवारी (घोडीवरची तारेची टेक) नीट लागली असेल आणि सुताचा धागा तारेखाली योग्य जागी सरकवला असेल तर, जो गंधार कोणी न छेडता आपसूक ऐकू येतो, त्याच्या हिशेबाने मध्य सप्तकातला गंधार ३०० हर्ट्झचा पडतो. पेटीची पट्टी देते ३०२.४. सप्तकाचे १२०० सेंट मानले तर चौदा सेंटचा फरक. दोन्ही एकत्र लांबवा, मधमाशी काचेवर आपटावी तशी थरथर कानात होते. शिवाय पेटीतून मींड निघत नाही. या गुन्ह्यांसाठी ऑल इंडिया रेडिओने १९४०मध्ये तिला दाराबाहेर काढलं. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. आणि आज पेटीवाला नसेल तर आम्ही विचारतो, 'साथीला कोणी नाही? मग कसलं खरं गाणं!' इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा तर विषयच नको. ज्यांच्या रियाजाला फोनमधलं अॅप षड्ज देतं, तेच 'ही मशीनची गाणी' म्हणून नाक मुरडतात. मीही मुरडतो.

बरं, लांबी? 'तीन मिनिटांत काय संगीत होतं?' हल्ली गाणं ऐकवणाऱ्या काही कंपन्या तीस सेकंद ऐकलं की गाणं एकदा ऐकलं असं मोजतात, म्हणून मुखडा दारातच आदळतो. पण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, आणि भल्याभल्यांनी तेवढ्यात ख्याल बसवला. आलाप चिमूटभर, चार ताना, सम, संपलं. १९०२मध्ये गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केलं आणि शेवटी चढ्या आवाजात इंग्रजीत आपलं नाव पुकारलं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, तिथल्या लोकांना लेबलावर काय लिहायचं ते कळावं म्हणून, असं कारण सांगतात. आज रीमिक्सच्या मध्येच कोणी 'डीजे अमुक-तमुक' असं खर्जात गुरगुरलं की मी कानांवर हात ठेवतो. तेव्हा ते घराणं जुनं आहे.

शब्दांबद्दल न बोललेलं बरं. 'अर्थच नाही गाण्याला' असं म्हणून पाठ फिरवावी, तर समोर निरर्थक बोलांचा तराणा उभा. आणि बंदिशीत अर्थ असतो तेव्हा तो बहुतेक सासू-नणंदेचा असतो.

मग आमचं शेवटचं हत्यार: लोकांना आवडतं, म्हणून ते हलकं. हे हत्यार सरकारने वापरून पाहिलं आहे. १९५२मध्ये नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर आपलेच, मराठी. शास्त्रीय संगीताचे खंदे कैवारी. त्यांच्या काळात सिनेमाची गाणी रेडिओवरून आधी आटली, मग जवळजवळ गेलीच. श्रोते सुधारले नाहीत. त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं आणि दर आठवड्याला बिनाका गीतमालेला चिकटून बसले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू करून तीच गाणी घरात घ्यावी लागली. आता गंमत बघा. त्या वेळी जी उथळ ठरली, ती गाणी आज कमला नेहरू पार्कात सकाळी फिरायला येणारे 'तेव्हा संगीत होतं' म्हणून गुणगुणतात. नाट्यसंगीताचं वेगळं काय? १८८०मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल रंगभूमीवर आलं, त्यातल्या चाली कीर्तनातून, लावणीतून, कर्नाटकातून, जिथून मिळतील तिथून उचललेल्या. पुढे त्याच परंपरेतल्या पदांना लोक वन्समोअर देऊन देऊन नाटक पहाटेपर्यंत नेत. वन्समोअर म्हणजे रीप्लेच की.

आवाजाच्या आक्षेपावर मी गणपतीत गप्प बसतो. दोन ढोल एकाच्या दुप्पट वाटत नाहीत, तीन डेसिबलच वाढतात. पण चौसष्ट ढोल असले की एका ढोलाहून अठराने जास्त, वर ताशे, वर झांजा. लक्ष्मी रस्त्यावर ते छातीत वाजतं तेव्हा मी त्याला संस्कृती म्हणतो आणि पुढच्या पथकाची वाट बघतो. त्यात विसंगती आहे, पण टिपरू पडताना विसंगती ऐकू येत नाही.

राहता राहिला दहाचा नियम, आमचा एकमेव तारणहार. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद. दहा वाजून एक मिनिटाने ११२ लावण्यात पुणेकराचा हात कोणी धरणार नाही. पण १९५३मध्ये सुरू झालेल्या सवाईच्या, म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवाच्या, रात्र-रात्र चालणाऱ्या बैठका आटोपल्या त्यामागेही हाच नियम. वर्षातल्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, पण पहाटेचा स्वर तिच्यात बसत नाही. मध्यरात्र उलटल्यावरचा मालकंस ऐकलेली माणसं आता तो जेवणाच्या वेळेला ऐकतात. डीजेला लावलेल्या कुलपात आमचाही कोणी अडकला आहे, हे आम्ही फोन करताना पोलिसांना सांगत नाही.

आणि तरीही या सगळ्यातून वाचता येईल, एक गोष्ट नसती तर. ही गाणी साधारण मिनिटाला १२८ ठोक्यांच्या लयीत असतात. मोजून बघा: सोळा मात्रा साडेसात सेकंदांत. चार-चारच्या चार खणांत. म्हणजे मध्य लयीतला सरळ त्रितालच. अतिविलंबित एकतालाचं आवर्तन कधी कधी पाऊण मिनिट घेतं, त्यात समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, वाट बघत जन्म गेलेल्या कानाला ही दर साडेसात सेकंदांनी मिळणारी सम म्हणजे फुकटचं जेवण. मेंदू म्हणतो, हे संगीत नव्हे. उजव्या पायाचा अंगठा म्हणतो, धा धिं धिं धा. त्यातून मुखडा नवव्या मात्रेवरून, म्हणजे त्रितालातल्या 'खाली'वरून (टाळी न देता हात उलटा करायच्या मात्रेवरून) उचलला असेल, तर मांडीवर पालथा पडणारा हात आपोआप उलटा होतो. समोर कोणी असेल तर पाय आखडला म्हणावं.

मग दहा वाजतात. डीजेवाल्याच्या फोनवर कोणाचा तरी फोन येतो आणि तो बटण दाबतो, नेमकं तेराव्या मात्रेवर. 'ता' वाजलं आणि पुढे काही नाही. पात्रावर टिटवीचा आवाज. अर्धवट तुटलेलं गाणं पुऱ्या गाण्यापेक्षा जास्त वेळ डोक्यात फिरतं. ते शेवटपर्यंत म्हणून टाकणं हाच त्यावरचा इलाज. बडीशेप चघळत बसल्यानेही थोडा फरक पडतो, पण त्रिताल बडीशेपेने सुटत नाही.

तेव्हा बाल्कनीचं दार ओढून घ्यायच्या आधी, कोणी बघत नाही ना याची खात्री करून, उरलेल्या तीन मात्रा मी दबक्या आवाजात म्हणतो. धिं, धिं, धा. आणि समेचा 'धा' पडतो तो एकटा नसतो. दोन बाल्कन्या पलीकडे, सवाईचं सीझन तिकीट दरवर्षी पहिल्या दिवशी काढणारे काका राहतात.