तासात 1000 कॅलरी? जरा हिशोब मांडूया

सध्या दर दोन चौकांआड फंक्शनल ट्रेनिंगचा (उठबस, ओढणं, उचलणं अशा रोजच्या हालचालींवर बेतलेला व्यायाम) बॅनर दिसतोय, "एका तासात 1000 कॅलरी जाळा", खाली दोरखंड आपटणारा सिक्स पॅकवाला पोरगा. आता 90 किलोच्या माणसाला तासात 1000 जाळायच्या तर ताशी 11 किलोमीटरच्या स्पीडने तासभर न थांबता पळावं लागेल. ज्याला हे जमतं तो तुमच्या बॅनरकडे बघेल कशाला?

45 मिनिटांचा क्लास धरा. वॉर्मअप, पाणी, ट्रेनरचं लेक्चर, गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकणं, हे सगळं वजा केलं की खरं दणकून काम फार तर 20 मिनिटं होतं. याच 90 किलोच्या माणसाच्या सगळ्या मिळून साडेतीनशे-पावणेचारशे जळतात, त्यातल्या साठ-सत्तर तर सोफ्यावर लोळूनही जळल्याच असत्या, उरल्या 300, म्हणजे साधारण एक वडापाव. आणि ते "आफ्टरबर्न", व्यायामानंतर शरीर काही काळ जास्त ऑक्सिजन घेतं हे खरंय, पण त्याचा वाटा व्यायामात जळलेल्या कॅलरीच्या 6 ते 15 टक्के इतकाच, त्यात फार तर एक-दोन बिस्किटं बसतात बस.

कॅलरी मोजणाऱ्या स्मार्ट घड्याळावर तर बिलकुल जाऊ नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठवाल्यांनी 2017 मधे मनगटावरची सात डिव्हाइस तपासली, हार्टरेट बहुतेकांचा ठीक आला, पण कॅलरीत सगळ्यात बऱ्याची चूकसुद्धा सरासरी 27 टक्के, सगळ्यात वाईटाची 93!

मग हे सगळं फालतू का? अजिबात नाही, मी तर म्हणते कराच, फक्त कॅलरीसाठी करू नका. स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, दम वाढतो, ताकद येते, आणि आपल्याकडे पोट सुटणं आणि डायबेटिस हे जोडीनेच फिरतात त्यामुळे काटा हलला नाही तरी हा फायदा मोठा आहे. वजन उतरवायचं काम बरंचसं ताटातच होतं, इलाज नाही.

माझा राग आहे तो "हाय इंटेन्सिटी"च्या नावाखाली पहिल्याच दिवशी जाड माणसाला उड्या मारायला लावणाऱ्यांवर. ज्या तबाता नावाच्या जपानी संशोधकाचं नाव घेऊन हे 20 सेकंद काम 10 सेकंद आराम करवतात ना, त्यांचा 1996 चा प्रयोग तरुण, फिट मुलांवर होता आणि तोही सायकलवर, बर्पीवर (खाली बसून हात टेकायचे, पाय मागे फेकायचे, परत उठून उडी मारायची) नाही. इंटेन्सिटी म्हणजे *तुमचा* दम किती लागतोय ते, शेजारचा किती उंच उडतोय ते नव्हे. 95 किलोच्या बाईला खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस करायला लावा, तिची हाय इंटेन्सिटी तिथेच झाली! तालमीतला वस्तादही नव्या पोराला पहिल्या दिवशी पाचशे बैठका मारायला लावत नाही.

बर्पी उडी न मारता होते, एकेक पाय मागे टाकून, हात बाकावर टेकवून. बीपी, शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि क्लासनंतर अंग प्रमाणाबाहेर दुखून लघवी कोक सारखी काळपट झाली तर "चांगला वर्कआऊट झाला" म्हणून स्टेटस टाकत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा, त्यात किडनी जाऊ शकते.